व्हायकिंग धाटणीच्या सुरीची कोरीव मूठ पुन्हा पुन्हा ढिली होते किंवा तडकते: कारण कुठे शोधायचं

आधी शब्द ठरवून घेऊ. टँग म्हणजे पात्याचं मुठीत शिरणारं शेपूट. पुढे त्याला शेपूटच म्हटलं आहे. मुठीच्या तोंडाशी बसणारा धातूचा तुकडा म्हणजे बोल्स्टर, आणि लाकडावर बाहेरून चढवलेलं धातूचं कडं म्हणजे शेंबी. व्हायकिंग काळातल्या बहुतेक सुऱ्यांचं शेपूट निमुळतं असे आणि ते लाकूड, हाड किंवा सांबरशिंगासारख्या शिंगाच्या मुठीत खुपसलेलं असे. इंग्लंडच्या यॉर्क शहरातल्या कॉपरगेटच्या उत्खननात (1976 ते 1981) निघालेल्या सुऱ्यांची घडणही अशीच आहे. आज त्या धाटणीची सुरी करणारे तीच जोडणी वापरतात, वर एपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद) भरतात आणि मुठीवर वेलबुट्टी किंवा गुंफलेले प्राणी कोरतात. दोष याच जोडणीत पुन्हा पुन्हा निघतो.

लक्षणं

खालच्यापैकी काय दिसतंय ते लिहून ठेवा. एकाहून जास्त लक्षणं एकत्र असू शकतात.

- मुठीवर टिचकी मारली की भरीव टक्क आवाजाऐवजी बद्द किंवा खळखळता आवाज येतो.
- पातं डावी-उजवीकडे हलतं, किंवा धार-पाठ या दिशेने किंचित डुलतं.
- पातं घट्ट आहे, पण बोल्स्टर किंवा शेंबी बोटाने फिरते.
- मुठीच्या तोंडापासून मागे जाणारी केसासारखी चीर.
- कोरीवकामाच्या खोल रेषेच्या तळातून निघालेली चीर.
- बोल्स्टर आणि लाकूड यांच्या सांध्यात काळा किंवा तांबूस डाग.
- दमट हवेत सुरी खुळखुळते आणि कोरड्या हवेत ठीक वाटते, किंवा कोरड्या हवेत चिरते आणि दमट हवेत चीर मिटलेली दिसते.

शेवटचं लक्षण सर्वांत बोलकं आहे, आणि नेमका त्याचाच अर्थ बहुतेक जण उलटा लावतात. कुऱ्हाडीचा दांडा कोरड्या हवेत ढिला होतो, कारण तिथे लाकूड लोखंडाच्या आत असतं आणि ते आकसतं. सुरीत लाकूड लोखंडाच्या बाहेर आहे. लाकूड सुकलं की त्यातलं भोकही आकसतं आणि शेपटाला आवळतं. म्हणून सुरीची मूठ कोरड्या हवेत तडकते आणि दमट हवेत ढिली पडते. शेंबीचं मात्र कुऱ्हाडीसारखंच: ती लाकडाच्या बाहेर असते, म्हणून कोरड्या हवेत ढिली होते. एवढं लक्षात आलं की निम्मं निदान हातात येतं.

कारण कळेपर्यंत सांध्यात गोंद ओतू नका. आंधळेपणाने ओतलेला पातळ गोंद चार दिवस पकड धरतो, मग सुटतो. शिवाय पुढे जिथे खरं एपॉक्सी बसायला हवं ती जागा तो अडवून ठेवतो.

काम सुरू करण्याआधी

धारेवर जाड पुठ्ठ्याची घडी ठेवून त्यावर चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्या. सगळ्या तपासण्यांत पातं हातात धरावं लागतं, आणि ढिली मूठ अचानक सुटते तेव्हा हात सरळ धारेवर जातो.

1. कान आणि बोट

पातं चिमटीत लोंबतं धरा आणि मुठीला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तोंडाशी, मध्यावर आणि बुडाशी टिचकी मारा. तिन्ही ठिकाणी आवाज सारखा आणि भरीव असेल तर आतला भराव शाबूत आहे. फक्त मध्यावर पोकळ वाटला तर आत हवेचा फुगा राहिला आहे. नुसता फुगा हा लगेच दुरुस्त करण्यासारखा दोष नाही, त्यावर फक्त नजर ठेवा. तोंडाशीच आवाज बद्द असेल तर तिथे गोंद पोलादापासून सुटला आहे.

आता पातं, बोल्स्टर आणि लाकूड या तिघांवरून एक सलग बारीक पेन्सिल-रेषा ओढा. मूठ एका हातात घट्ट धरून पातं हलकेच ढकला आणि रेष कुठे तुटते ते पाहा. बोल्स्टर आणि लाकूड यांच्यामध्ये तुटली, पण पातं आणि मूठ एकत्र राहिले, तर नुसता बोल्स्टर सुटला आहे. त्या फटीत सुपरग्लू म्हणून मिळणाऱ्या पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचे दोन-तीन थेंब झिरपू देऊन काम भागतं. रेष पातं आणि बोल्स्टर यांच्यामध्ये तुटली तर शेपूटच हलतंय, पुढे चला.

हालचालीची दिशाही पाहा. सपाट शेपूट डावी-उजवीकडे हलतं तेव्हा बहुधा खाच जाडीला सैल कापलेली असते. धार-पाठ दिशेने डुलतं तेव्हा शेपूट आखूड असतं, किंवा भोकाच्या तळाशी गोंद पोचलेलाच नसतो. शेपूट मुठीच्या निदान दोन-तृतीयांश लांबीपर्यंत गेलेलं असावं. त्याहून आखूड असेल तर कुठलाही गोंद ती जोडणी फार दिवस सांभाळणार नाही.

2. वजन

0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. सुरीचं वजन टिपा, सुरी सावलीत मोकळ्या हवेत ठेवा आणि दर तीन दिवसांनी पुन्हा मोजा. पोलादाचं वजन बदलत नाही. जो फरक पडतो तो लाकडातल्या पाण्याचा.

आकडे असे येतात. 60 ग्रॅमची हार्ड मेपलची मूठ 12 टक्के ओलाव्यावरून 7 टक्क्यांवर आली तर सुमारे 2.7 ग्रॅमने हलकी होते. तेवढ्यात ती वर्षवलयांना समांतर दिशेने साधारण 1.6 टक्के आकसते, केंद्राकडून सालीच्या दिशेने त्याच्या निम्मी, आणि लांबीला जवळजवळ नाहीच. शेपूट 12 मिलिमीटर रुंद असेल तर त्याभोवतीचं भोक 0.2 मिलिमीटरपर्यंत आवळू पाहतं. पोलाद हटत नाही, म्हणून लाकूड ताणलं जातं. आडव्या ताणाला लाकूड फार कमी टिकतं: ते चिरतं तरी, किंवा तंतू कायमचे ताणून भोक सैल तरी करतं. हवा दमट झाल्यावर तेच सैल भोक खुळखुळू लागतं.

वजन अजून उतरत असेल तर लाकूड पुरतं वाळण्याआधीच जोडलं गेलं होतं. अशा मुठीला आत्ता हात लावू नका. 40 ते 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत दोन-तीन आठवडे ठेवा आणि वजन आठवडाभर स्थिर राहिल्यावरच पुढचं ठरवा. हलत्या लाकडावर केलेली दुरुस्ती त्याच लाकडाबरोबर पुन्हा हलते.

3. चीर वाचणं

भिंग आणि कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घ्या. पृष्ठभाग पुसला की स्पिरिट लगेच उडून जातं, पण चिरेत ते काही क्षण राहतं आणि चीर काळ्या रेषेसारखी दिसते. रेष उमटली नाही तर ती फक्त पॉलिशची चीर आहे. तेलाचा एक हात पुरतो. स्पिरिट लाखेच्या पॉलिशवर वापरू नका, लाख विरघळते.

चिरेची जागा कारण सांगते:

*तोंडापासून मागे, शेपटाच्या कडेच्या रेषेत.* निमुळतं शेपूट पाचरीचं काम करतंय. खाच अरुंद होती, किंवा शेपटाचे कोपरे धारदार राहिले होते आणि त्यांनी लाकडात चिरेची सुरुवात करून दिली. सुरीच्या पाठीवर काठीने ठोकून लाकडाचे फाटे काढण्याचं काम केलं असेल तर प्रत्येक ठोक्याने ही पाचर आत जाते.

*बुडापासून पुढे.* बुडाच्या छेदातून पाणी सर्वांत झपाट्याने आत-बाहेर करतं आणि तिथेच तेल कमी मुरवलेलं असतं. आरपार शेपूट बुडाशी ठोकून फुलवलेलं असेल तर जादा ठोकल्यानेही ही चीर निघते.

*कोरीव रेषेच्या तळातून.* या प्रकाराकडे नीट लक्ष द्यावं लागतं, कारण इथे दोष गोंदाचाही नसतो आणि लाकडाचाही. नक्षी आखताना आतल्या भोकाचा हिशोब केलेला नसतो. व्ही आकाराची पटाशी रेषेचा तळ टोकदार सोडते आणि सगळा ताण त्या टोकावर गोळा होतो. त्या रेषेखाली भोकाच्या भिंतीपर्यंत 4 मिलिमीटरपेक्षा कमी लाकूड उरलं असेल तर ती भिंत तडकणारच. कॅलिपरने मुठीची जाडी मोजा, तिच्यातून भोकाची रुंदी वजा करून दोनाने भागा, मग कोरीव रेषेची खोली वजा करा. उदाहरणार्थ जाडी 22, भोक 6, रेष 2 मिलिमीटर: (22 − 6) ÷ 2 − 2 = 6 मिलिमीटर उरतात, चालेल. तीच मूठ मानेशी, म्हणजे तोंडाजवळच्या बारीक भागात, 16 मिलिमीटर असेल तर 3 उरतात, तिथे चीर ठरलेली.

शैलीचाही इथे संबंध येतो. व्हायकिंग नक्षीतल्या बोरे शैलीची साखळीसारखी कडी उथळ कोरली तरी उठून दिसते, म्हणून ती मानेवर शोभते. अकराव्या शतकातल्या उर्नेस शैलीच्या लांब वळणदार पट्ट्यांना खोली लागते, आणि त्या पट्ट्या लाकडाच्या रेषेला आडव्या गेल्या की आखूड तंतूंचे कपचे निघतात. त्यांना शेपूट संपतं त्याच्या मागची जागा द्या. तोंडाजवळच्या 15 मिलिमीटरमध्ये 1 मिलिमीटरपेक्षा खोल काही कोरू नये, नक्षी कितीही सुंदर असली तरी. कोरून झालेल्या खोल रेषांचा तळ छोट्या गोल पटाशीने किंवा घडी घातलेल्या 240 नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित गोल करता येतो. दिसायला फरक जाणवत नाही, पण ताण पसरतो.

चीर केसाएवढी असेल आणि शेपूट हलत नसेल तर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट झिरपवा. आजूबाजूच्या कोरीव खाचांत तो साचून चकाकतो, म्हणून चिरेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. मेण चोळू नका, ते चिरेत शिरून गोंदाला बसू देत नाही. चीर त्याहून रुंद असेल तर संथ एपॉक्सी लागतं. मूठ साधारण 40 अंशांपर्यंत कोमट करा, एपॉक्सी चिरेवर पसरा आणि थंड होऊ द्या. आतली हवा आकसताना एपॉक्सी ओढून घेते. कोरीव मुठीवर शिकंजा लावला तर नक्षी चेपते. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा. चिरेच्या दोन्ही टोकांवर बारीक खूण करून तारीख टिपा. महिन्याभरात चीर खुणेच्या पुढे गेली तर कारण अजून आत आहे.

4. डाग

सांध्यातला डाग टोकदार लाकडी काडीने खरवडा. काळा असेल आणि मूठ ओकची असेल तर लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी झालेली क्रिया आहे. तांबूस भुकटी निघाली तर गंज आहे. दोन्हींचा अर्थ एकच, पाणी आत पोचलं आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून लाकूड फाकवतो आणि त्याच वेळी गोंदाला पोलादापासून उचलतो. गंजावर ओतलेला गोंद गंजालाच चिकटतो. डाग पुसून काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत परत आला तर मूठ उतरवण्यावाचून इलाज नाही.

5. बुडाशी फुलवलेलं शेपूट असेल तर

शेपूट आरपार जाऊन धातूच्या चकतीवर ठोकलेलं असेल तर ढिलेपणा इथेच निघू शकतो. पातं लाकडी जबड्यांच्या व्हाइसमध्ये टोक खाली करून असं धरा की बोल्स्टरच्या खालच्या बाजूला आधार मिळेल. टोकावर भार येता कामा नये. 100 ते 150 ग्रॅमच्या गोल डोक्याच्या हातोडीने मध्यावर न मारता कडेकडेने हलके ठोके द्या आणि दर पाच-सहा ठोक्यांनी हालचाल तपासा. हालचाल थांबली की तुम्हीही थांबा. त्यापुढचा प्रत्येक ठोका बुडाकडून लाकूड फाडायला सुरुवात करतो.

6. गोंद कसा होता

बोल्स्टरच्या कडेला बाहेर आलेला एपॉक्सीचा थेंब कुठेतरी सापडतोच. त्यावर नख दाबा. नख रुतलं किंवा चिकट लागलं तर दोन भागांचं प्रमाण चुकलं आहे, आणि असं एपॉक्सी कितीही थांबलात तरी पक्कं होणार नाही. काही एपॉक्सींचं प्रमाण वजनाने दिलेलं असतं, काहींचं आकारमानाने, आणि दोन्ही भागांची घनता वेगळी असल्याने गल्लत झाली की हेच होतं. थेंब कडक असून पोलादावरून काचेसारखा अखंड उचकटला तर शेपूट गुळगुळीत किंवा तेलकट राहिलं होतं. पाच मिनिटांचं एपॉक्सी वापरलं असेल तर ते ओलाव्याला आणि उष्णतेला लवकर हार जातं. या कामाला ते घेऊच नये.

शेपूट सुटतंय, पण डाग नाही, गंज नाही आणि लाकूड स्थिर आहे, अशा वेळी आडवी पितळी खीळ हा मधला मार्ग आहे. तोंडापासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर 3 मिलिमीटरची खीळ लाकूड आणि शेपूट दोन्हींतून घाला. कोरीव प्राण्याच्या डोळ्यात ती चपखल लपते. पण तिच्याकडून अपेक्षा बेताची ठेवा: ती पातं निसटू देत नाही, डुलणं थांबवत नाही. शेपटाला पाणी दिलेलं असेल, म्हणजे तापवून झटकन थंड करून ते कठीण केलेलं असेल, तर साधं ड्रिल त्यावरून घसरतं. जोर लावू नका, नाहीतर ड्रिल मोडून तुकडा आतच राहतो.

7. मूठ उतरवणं

थेट ज्वाला वापरू नका. पात्याला दिलेलं पाणी साधारण 200 अंशांच्या आसपास टेंपर केलेलं असतं, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवलेलं असतं. धारेवर पिवळसर रंग चढला आणि पुढे तपकिरी-निळा झाला तर पाणी उतरलं, आणि ते परत द्यायचं तर पातं पुन्हा भट्टीत जाणार. उकळतं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणून तेच सुरक्षित. भांड्यात पातं बोल्स्टरपर्यंत उभं बुडवा, मूठ वर आणि कोरडी. 10 ते 15 मिनिटांत उष्णता शेपटात चढते आणि बरीचशी एपॉक्सी मऊ पडते. मग कातडं लावलेल्या व्हाइसमध्ये पातं धरा आणि मूठ सरळ रेषेत ओढा. पिळू नका, पिळलं की तोंडाशी लाकूड फाटतं. तीन वेळा गरम करूनही हलली नाही तर एपॉक्सी जास्त उष्णता सोसणारं आहे, इथेच थांबा. कार्बन पोलादाचं पातं बाहेर येताच पुसून तेल लावा.

शेपूट आणि पातं जिथे मिळतात तो खांदा भिंगाखाली पाहा. तिथला कोपरा काटकोनी असेल तर गोल कानशीने 1.5 ते 2 मिलिमीटरची गोलाई द्या. शेपूट मोडतं ते बहुधा याच कोपऱ्यात. पुढचं काम असं:

- गंज आणि जुना गोंद पूर्ण खरवडा, शेपूट 60 ते 80 नंबरच्या एमरी पेपरने खरखरीत करा, चारही कोपरे बोथट करा.
- कडांवर कानशीने गोल तळाच्या तीन-चार खाचा घाला, खोली 1 मिलिमीटरपर्यंत. खांद्यापासून 10 मिलिमीटरच्या आत एकही खाच नको.
- भोक आतून साफ करून शेपटाभोवती सगळीकडे अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवा. फक्त तोंडाशी बसणूक घट्ट हवी. ही मोकळीक म्हणजे ढिलाई नव्हे. गोंदाचा तो थर लाकडाच्या हालचालीला उशीसारखा झेलतो, म्हणून काचेसारखं ठिसूळ होणारं एपॉक्सी न घेता किंचित लवचीक राहणारं, 24 तासांचं घ्या.
- शेपूट अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका.
- एपॉक्सी दोन मिनिटं, भांड्याच्या कडा खरवडत, कालवा. बारीक काडीने ते आधी भोकाच्या तळाशी पोचवा, मग शेपूट अर्धं घाला, वर काढा, पुन्हा घाला. फक्त शेपटाला गोंद फासून खुपसलं तर खाली हवा अडकते.
- 20 ते 25 अंशांत 24 तास हलवू नका. सुरी कामाला घ्यायला पूर्ण 7 दिवस जाऊ द्या.

मुठीला तेल त्यानंतरच, आणि बुडाच्या छेदात ते शोषणं थांबेपर्यंत मुरवा. जवसाच्या तेलाचे बोळे चोळामोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून किंवा उघडे पसरून वाळवा. मूठ शिंगाची किंवा हाडाची असेल तर घासताना ओलं घासा आणि चांगला मास्क लावा, ती भुकटी फुफ्फुसांना घातक आहे.

इथे थांबा

खांद्यात किंवा शेपटात चीर दिसली तर ते काम सुऱ्या घडवणाऱ्या लोहाराचं. ती वेल्डिंगने बुजवायची तर उष्णता पात्यात किती जाते यावर ताबा हवा आणि नंतर पुन्हा टेंपर करावं लागतं. धारेवर पिवळ्याच्या पलीकडचा रंग चढला असेल, किंवा पातं ओढताना वाकलं असेल, तेव्हाही तसंच. वाकलेलं पातं थंड सरळ करायला जाल तर ते मोडू शकतं. कोरीव मूठ दोन भागांत फुटली असेल आणि नक्षी वाचवायची असेल तर लाकूडकाम जपणाऱ्या कारागिराकडे द्या, फुटलेल्या कडा घासू नका आणि निघालेले बारीक कपचेही डबीत ठेवा. सुरी नवी नसून खरोखर जुनी, जमिनीतून निघालेली असेल तर पाणी, तेल, गोंद काहीच लावायचं नाही. ती आहे तशी संग्रहालयाच्या संवर्धकाकडे जाते.

कारागिराकडे सुरी देताना एका कागदावर लिहा: लाकूड कोणतं, एपॉक्सी कोणतं आणि किती मिनिटांचं, पोलाद कोणतं, कितीदा गरम केलं, वजनाच्या नोंदी, आणि चिरेच्या खुणांच्या तारखा.